थांब, आता येईल

कमी लोकांनी ऐकलेला अल्बम दुसऱ्याला ऐकवणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो स्वतः गाणं ऐकतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. तुमची नजर जरा मोबाइलकडे वळली की हात वर करून म्हणतो, "थांब थांब, आता येईल." जे यायचं असतं ते चार सेकंदांत येऊन निघून जातं, तुम्हाला पत्ता लागत नाही आणि त्याचा चेहरा उतरतो. मी याच जमातीतला. लोक हल्ली मला घरी बोलवताना स्पीकर आत ठेवतात.

माझा हुकमाचा पत्ता म्हणजे चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवलेले मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही एलपी एचएमव्हीने काढली. सिनेमात तेव्हा जिकडेतिकडे डिस्को चालू होतं. मग नुसतं डिस्कोच घेऊन काही वेगळं का करू नये, एवढाच त्यांचा साधा विचार. रोलँड कंपनीची तीन यंत्रं त्यांनी जोडली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, तालासाठी टीआर-८०८ आणि बेससाठी, म्हणजे खालच्या जाड सुरांसाठी, टीबी-३०३. त्यांवर भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस असे दहा राग वाजवले.

यातल्या टीबी-३०३ची कथा मी पाहुण्यांना हमखास सांगतो, चहा येईपर्यंत पुरते. गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेसवाला मिळाला नाही तर हे यंत्र वापरावं, म्हणून ते बनवलं होतं. पण त्याचा आवाज खऱ्या बेससारखा कधी वाटलाच नाही. खप झाला नाही, दोन-तीन वर्षांत उत्पादन थांबलं आणि ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात आली. शिकागोच्या पोरांनी ती उचलली, बटणं हवी तशी पिळली आणि १९८७च्या सुमारास त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत निघालं. त्याच्या पाच वर्षं आधी तेच यंत्र इथे मुंबईत भैरवाखाली गुरगुरत होतं! एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्या यंत्रात आहे. आपल्या कानाला ती थेट मींडेसारखी लागते, म्हणून रागाशी त्याचं जमून गेलं असावं. शिकागोवाल्यांनी हे ऐकून उचललं, असा दावा मात्र करू नये. ही रेकॉर्ड इथेच कोणी घेतली नव्हती, तिकडे कुठून पोचणार? २००२मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली, २०१०मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि उतारवयात चरणजित सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

खरं सांगायचं तर सलग दहाही राग ऐकवत नाहीत. रागाचा विस्तार वगैरे त्यात नाही, आणि यमनपर्यंत येता येता तो ठोका डोक्यात बसतो. आमच्या मामांनी, म्हणजे सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलेल्या माणसाने, मालकंस डोळे मिटून पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "सूर बरोबर आहेत रे. पण त्या ठोकणाऱ्याला जरा चहा प्यायला पाठव."

१९८२चीच दुसरी रेकॉर्ड, रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ', मामांना ऐकवायचं धाडस अजून केलेलं नाही. बंगाली गायिका, कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रण, सरोदवर आशिष खाँ. गाणी चारच, पण ऐसपैस. ही पण पडली. पुढे कित्येक वर्षांनी जगभरातले लोक तिच्यासाठी भलत्या किमती मोजू लागले आणि घरच्यांना ते इंटरनेटवरून कळलं. त्यातलं 'आज शनिबार' लावलं की पोळ्या लाटणारी माणसंही खांदे हलवतात, हे आमच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे.

बाकी 'कमी ऐकलेलं' हे कोणाच्या घरात बसून म्हणतोय, यावर असतं. कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व' पुण्यात सदाशिव पेठेत कोणाला 'शोध' म्हणून ऐकवायला जा, दारातूनच परत पाठवतील. पण आमच्या कार्यालयातल्या एका तमिळ सहकाऱ्याने बालगंधर्व हे नावही ऐकलेलं नव्हतं. त्याला हेडफोन दिला. एका मोठ्या गायकाने दुसऱ्याची गाणी म्हणावीत, नक्कल मुळीच करू नये, तरी मूळ माणूस जागोजागी दिसावा, हे त्याला शब्द न कळता कळलं. मग त्याने मला कर्नाटक संगीतातले गायक मदुराई मणी अय्यर ऐकवले. तोही तसाच, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, हात वर करून.

तुम्ही चरणजित सिंगांपासून सुरुवात करणार असाल तर पहिल्या भैरवाने करू नका. आधी मधुवंती लावा, आवाज थोडा मोठा ठेवा, आणि शेजारी कोणी असेल तर त्याच्याकडे बघू नका. जमलं तर.