आशियाई पात्रता शीट: चीन-थायलंडचा गुंता सुटला, तीन संघांचा उरला

शनिवारी रात्री साडेदहाला निपाणीच्या अण्णांचा फोन. "काय करूलास?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुढे, "अरे, तुझ्या शीटात थायलंड वर गेलाय की! चीन बाहेर!"

शीट म्हणजे फुटबॉलच्या विश्वचषक पात्रतेसाठी मी संगणकावर केलेला तक्ता: सामन्यांचे गोल भरले की गटांतले क्रमांक आपोआप लागतात. आधी खरे निकाल भरून ती ताडायची आणि मग तिच्यात फासे टाकून ठरवलेले खेळातले सामने भरायचे, असा बेत. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही एखादा निकाल उलटा भरला असणार. त्यांनी 'क' गटाचे बाराच्या बारा सामने फोनवर वाचून दाखवले आणि मी माझ्या वहीत एकेक टिचकी मारत गेलो. एकही चूक नाही. तेच बारा सामने, तेच गोल, तीच माझी शीट. माझ्याकडे चीन दुसरा, त्यांच्याकडे थायलंड दुसरा.

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की 2026 च्या विश्वचषकाच्या आशियाई पात्रतेची दुसरी फेरी खऱ्या निकालांवर ताडून झाली, नऊ गटांचे 108 सामने भरले आणि पुढे जाणारे अठरा संघ बरोबर आले. ते वाक्य मागे घेतो. ज्यांनी शीट उतरवून घेतली असेल, त्यांनी तिच्यावर अजून फाशांचे सामने भरू नयेत.

घोटाळा कुठे होता ते सविस्तर सांगतो, कारण त्यात माझे पाच दिवस गेले आणि तुमच्यापैकी कुणाचे तरी वाचतील.

'क' गट आठवा. दक्षिण कोरिया 16 गुण, सिंगापूर 1. मधले दोघे, चीन आणि थायलंड, दोघांचेही 8 गुण, दोघांनीही 9 गोल केले आणि 9 खाल्ले. गुण सारखे, गोलफरक शून्य-शून्य, केलेले गोलही सारखे. विश्वचषक पात्रतेच्या नियमात क्रम असा: गुण, मग एकूण गोलफरक, मग एकूण गोल, आणि तिथेही बरोबरी राहिली तरच आपसातले सामने. चीनने बँकॉकमध्ये 2-1 जिंकलं होतं आणि शेनयांगला 1-1 झालं होतं. तेवढ्यावर चीन तिसऱ्या फेरीत गेला.

11 जून 2024 ची ती संध्याकाळ माझ्या वहीतलं सगळ्यात आवडतं पान आहे. सेऊलमध्ये चीन 0-1 हरलेला आणि बँकॉकमध्ये थायलंड सिंगापूरवर 3-1 ने पुढे. थायलंडला आणखी एक, फक्त एक गोल हवा. पण सिंगापूरचा गोलकीपर हसन सनी चेंडूमागून चेंडू अडवत राहिला. सिंगापूरला स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. पुढे चिनी चाहते त्याच्या नासी लेमाकच्या (नारळाच्या दुधातला भात) टपरीवर रांगा लावून आभार मानायला गेले. हा गट शीटमध्ये चुकीचा येतो म्हणजे बाकी सगळं बरोबर येऊन उपयोग नाही, असं मला मनापासून वाटतं.

तर घोटाळा. माझी 'किल्ली', म्हणजे क्रम लावण्यासाठी प्रत्येक संघाचा एकच आकडा, तुम्हाला माहीत आहे: गुण गुणिले दहा लाख, अधिक (गोलफरक + 100) गुणिले हजार, अधिक केलेले गोल. चीनची किल्ली 8100009. थायलंडचीही 8100009. किल्ल्या सारख्या आल्या की दोघांनाही क्रमांक 2 मिळतो, 3 कुणालाच मिळत नाही आणि तक्त्याची तिसरी ओळ एरर दाखवते. हे मला फार सुरुवातीला दिसलं होतं आणि तेव्हा मी एक ठिगळ लावलं होतं: किल्लीतून ओळीच्या क्रमांकाचा शंभरावा भाग वजा. एरर गेली, मी पुढच्या कामाला लागलो आणि ठिगळ साफ विसरलो.

मी संघ सोडतीच्या कप्प्यांप्रमाणे, म्हणजे मानांकनाच्या क्रमाने, लिहितो. कोरिया पहिल्या ओळीत, चीन दुसऱ्या, थायलंड तिसऱ्या. म्हणून चीन वर. अण्णांनी संघ सामन्यांच्या क्रमाने लिहिले, थायलंड-चीन सामना यजमानापासून सुरू होतो, म्हणून त्यांच्याकडे थायलंड आधी. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं आणि रीत चूक. शाळेत गणिताचे सर अशा उत्तराला शून्य द्यायचे. रविवार पेठेत वीस वर्षं दुकानाची कीर्द-खतावणी लिहितो मी. ताळा जुळला म्हणजे नोंदी बरोबर असतात असं नाही, हे नव्या पोरांना मीच सांगत असतो.

पहिले दोन दिवस चुकीच्या वाटेने गेले. वाटलं, किल्लीच लांबवू. एकूण गोलांच्या पुढे आपसातले गुण, आपसातला गोलफरक, आपसातले गोल, मग पिवळ्या-तांबड्या कार्डांचे गुण, सगळं एकाच आकड्यात. प्रत्येकाला ऐसपैस तीन-तीन घरं दिली. चीन-थायलंड बरोबर आलं आणि मी उठून चहा टाकला. मग दोन खोटे संघ घातले, सगळं सारखं, फक्त एकाला एक पिवळं कार्ड जास्त. शीटला दोघांत फरकच दिसेना. रात्री एकपर्यंत डोकं फोडलं. कारण असं, की शीट पंधरा आकड्यांपलीकडचं धरत नाही, पुढे सरळ शून्यं भरते. माझी किल्ली एकोणीस आकडी झाली होती आणि कार्डं नेमकी शेपटाला. एरर नाही, सूचना नाही, मुकाट्याने शून्य. ज्यांच्या किल्ल्या लांब आहेत त्यांनी आजच आकडे मोजून बघा.

मग वाट बदलली. एक किल्ली मोडून दोन केल्या. मोठी किल्ली पूर्वीचीच, ठिगळ काढून. सामन्यांच्या यादीत दोन नवे रकाने: यजमानाची मोठी किल्ली आणि पाहुण्याची मोठी किल्ली. आता समइफ्सला (अटीत बसतील तेवढ्याच ओळींची बेरीज करणारा फॉर्म्युला) सांगायचं, की ज्या सामन्यांत दोन्ही किल्ल्या माझ्या किल्लीइतक्याच आहेत तेवढेच घे. झाला आपसातला छोटा तक्ता! दोन संघ असोत की तीन, आपोआप. त्यातून छोटी किल्ली: आपसातले गुण गुणिले दहा हजार, अधिक (आपसातला फरक + 50) गुणिले शंभर, अधिक आपसातले गोल. चीन 45103, थायलंड 14902. क्रमांक काढताना मोठी किल्ली जास्त असलेले किती, अधिक मोठी सारखी पण छोटी जास्त असलेले किती, अधिक एक. कार्डांचा रकाना वेगळा, त्यालाही हीच रीत.

बुधवारी रात्री ओळी उलट्या लावल्या: सिंगापूर, थायलंड, चीन, कोरिया. चीन दुसरा. पुन्हा ढवळल्या. चीन दुसरा. घरातले सगळे झोपलेले, नाहीतर ओरडलोच असतो.

त्यातही एक तास वेगळ्याच गोष्टीत गेला. छोट्या तक्त्यात थायलंडला शून्य सामने दिसत होते. फॉर्म्युला दहा वेळा तपासला. शेवटी दिसलं, की एका ठिकाणी मी 'थायलंड' लिहिलंय आणि एका ठिकाणी 'थायलँड'. किर्गिझस्तानचं तर मी तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं. शिवाय पहिल्या फेरीची नावं मी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतली होती, ती जुन्या फॉन्टमधली. दिसायला सुबक, पण शीटला त्यातलं एक अक्षर कळत नाही. कागदावर छापायचं असेल तर तो फॉन्ट चालेल. शीटसाठी युनिकोडशिवाय दुसरं काही घेऊ नका. फोनवर फॉर्म्युला लिहायलाही जाऊ नका. निकाल भरायला फोन उत्तम, पण कंस मोजायला जुना लॅपटॉपच लागतो.

हे लिहिता लिहिताच सुचतंय. नावं हवीतच कशाला? 46 संघांना 1 ते 46 क्रमांक द्यायचे, सामन्यांत फक्त क्रमांक भरायचे आणि नाव शेवटी एका यादीतून उचलायचं. म्हणजे गोकाकच्या आपल्या दोस्तांना ती यादी कन्नडमध्ये लावता येईल आणि आतली शीट तीच राहील. ते किती महिने मागे लागलेत. हे आधी करतो, तिसऱ्या फेरीचे फासे मग.

नवी शीट हाती आल्यावर सगळ्यात आधी भारताचा 'अ' गट घातला. कतार 16, कुवेत 7, भारत 5, अफगाणिस्तान 5. आपली किल्ली 5096003, त्यांची 5089003, म्हणून आपण तिसरे. मग दोह्याच्या, कतारविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात 1-2 पुसून 1-0 लिहिलं. भारताच्या छांगटेचा गोल राहू दिला आणि रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून झालेला तो गोल, आणि त्यानंतरचा, काढून टाकला. भारत 8 गुण, दुसरा. कुवेत 7, तिसरा. तक्ता सरकला आणि आपलं नाव वरच्या दोन ओळींत आलं. पाच मिनिटं तसंच ठेवलं होतं. मग खरा निकाल परत भरला. वहीत तो सामना तांबड्या शाईत आहे आणि तसाच राहील.

उत्तर कोरिया-जपानचा मार्च 2024 मधला न झालेला सामना 0-3 असाच भरा. तो जपानला बहाल झाला आहे. मी आधी रिकामा ठेवला होता, त्यामुळे गुणच कमी येत होते.

आता पुढचं. ठरलं होतं, की शीट दुरुस्त झाली की तिसऱ्या फेरीचे 90 सामने फाशांवर सुरू करायचे. तांबडा फासा यजमानांचा, पांढरा पाहुण्यांचा, नेहमीसारखं. खडेबाजारातून दोनशे पानी लांब खतावणी आणूनही ठेवली आहे. कागद जाड, शाई पलीकडे उमटत नाही. स्पायरल वह्यांपेक्षा ही शतपटीने बरी, कारण पान फाटून सामना हरवत नाही.

पण चौथी फेरी तपासायला घेतली आणि बेत बदलला. जेद्दाहचा गट: सौदी आणि इराक दोघांचे 4 गुण, दोघांचा फरक +1. सौदीने इंडोनेशियाला 3-2 हरवलं होतं, इराकने 1-0, आणि आपसात 0-0. सौदीची किल्ली 4101003, इराकची 4101001. शेवटच्या आकड्यावर सौदी विश्वचषकात आणि इराक पाचव्या फेरीत. तो सामना 14 ऑक्टोबर 2025 चा. त्याच संध्याकाळी मी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर होतो.

चोर्ला घाटातून चौघे गेलो होतो, आशियाई चषकाच्या पात्रतेचा भारत-सिंगापूर सामना बघायला. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून मारलं, चेंडू जाळ्यात, आणि पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी आजोबांनी वळून माझे दोन्ही हात धरले. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली, मग 58 व्या मिनिटाला दुसरा, दोन्ही सिंगापूरच्या साँग उई-योंगचे. 1-2. 2027 चा आशियाई चषक गेला. परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. घाटात रेंज नाही. टिळकवाडीत पोचलो तेव्हा जेद्दाहचा सामना चालूच होता, म्हणून तसाच बसून बघितला.

तर मुद्दा असा, की आशियाई चषकाच्या त्या फेरीत नियम उलटा आहे. तिथे गुणांनंतर आधी आपसातले सामने आणि एकूण गोलफरक मागाहून. माझी मोठी-छोटी किल्ली तिथे जशीच्या तशी चालणारच नाही. म्हणून आता वर एक सेल करतोय: 1 लिहिलं की आधी एकूण, 2 लिहिलं की आधी आपसातले. 2 लिहिल्यावर मोठ्या किल्लीत फक्त गुण उरतील, छोटी तशीच, आणि एकूण फरक तिसऱ्या किल्लीत. कच्चं करून बघितलं. 'अ' गटात 2 लिहिलं आणि भारत चौथ्या क्रमांकावर गेला, कारण अफगाणिस्तानशी 0-0 आणि गुवाहाटीत 1-2. बरोबर! जेद्दाहच्या गटात 1 लिहा की 2, सौदीच वर, आपसात बरोबरी असल्यामुळे. म्हणजे सेल काम करतोय.

अडलंय ते तीन संघांवर. तिघांचे गुण सारखे, छोट्या तक्त्यात एक सुटा झाला आणि दोघे पुन्हा सारखेच राहिले, तर त्या नियमात त्या दोघांचे आपसातले सामने नव्याने बघावे लागतात. माझी छोटी किल्ली तिघांच्याच तक्त्यावर थांबते. छोटी किल्लीही सामन्यांच्या यादीत नेऊन तीच रीत आणखी एकदा लावावी असं मनात आहे, म्हणजे आणखी दोन रकाने. त्याने शीट जड होईल का, ते रविवारी बघतो. कुणी दुसऱ्या रीतीने केलं असेल तर सांगा, मी थांबतो.

दुरुस्त शीट काल रात्री अण्णांना पाठवली. आज सकाळी दुकान उघडताना त्यांचा फोन. संघ त्यांनी पुन्हा त्यांच्याच क्रमाने लिहिले होते, थायलंड आधी.

"आला रे चीन वर," म्हणाले. "आता कार्डांचं बघूया, पिवळी मोजून ठेवलीत काय तू?"