एक ठिपका की दोन?

श्रावणातली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात तापाच्या पेशंटची रांग, लॅबच्या टेबलावर रक्ताच्या स्लाइड्सची चळत. मलेरियाचे रॅपिड किट नेमके त्याच आठवड्यात संपलेले. सगळी भिस्त मायक्रोस्कोपवर.

नवा एलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, जेमतेम तीन महिने झालेला, म्हणाला, "ताई, ही बघता का? व्हायव्हॅक्स वाटतंय." म्हणजे मलेरियाचा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार.

पठ्ठ्याने कपाटातल्या जुन्या मायक्रोस्कोपचा 15 एक्सचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, काढून लावला होता. खाली 100 एक्सची ऑइल लेन्स. म्हणजे 1500 पट. वर मोबाइल टेकवून फोटो काढलेला, तोही बोटांनी ताणून दाखवत होता. तांबड्या पेशी बशीएवढ्या. एकीत निळसर कडं, त्यावर जाडसा लाल ठिपका: मलेरियाचा परजीवी.

"केवढं मोठं दिसतंय ना?"

दिसत होतं खरं, पण तेलकट चष्म्यातून बघावं तसं.

मी आयपीस काढून नुसत्या नळीत डोकावले. लेन्सच्या मागचा गोल पूर्ण उजळलेला हवा. इथे मधोमध रुपयाएवढाही नाही, जेमतेम टिकलीएवढा उजेड. कंडेन्सर, म्हणजे खालून प्रकाश एकवटणारं भिंग, तळाला; त्याचा डायफ्रॅम, म्हणजे उजेडाची झडप, मिटलेला. सकाळी त्याने लघवीचे नमुने पाहिले होते, त्यासाठी ते बरोबरच. पण नंतर तो वर करायचा राहून गेला.

"लेन्सवर 1.25 लिहिलंय, ते काय?"

"न्यूमरिकल अपर्चर." पाठ होतं त्याला.

लेन्सला किती तिरपे किरण गोळा करता येतात, त्याचा तो आकडा. जर्मन शास्त्रज्ञ आबेने 1873 मध्ये मांडलेला हिशोब सोपा आहे: प्रकाशाची तरंगलांबी भागिले या आकड्याची दुप्पट. हिरवा प्रकाश 550 नॅनोमीटरचा, म्हणजे उत्तर 220. याहून जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसणार, मग ते मोबाइलवर ताणा नाहीतर भिंतीवर पाडा. तेही खालून येणारा प्रकाशाचा शंकू पुरेसा रुंद असेल तर. डायफ्रॅम मिटला की 1.25 नुसतं लेन्सवर लिहिण्यापुरतं उरतं. आणि अपर्चरच्या हजारपट, म्हणजे इथे 1250 च्या पुढे नुसता फुगवटा. (खरेदीच्या वेळी "किती एक्सचा?" एवढंच विचारणारे साहेब मी बरेच पाहिलेत.)

कंडेन्सर वर घेतला, डायफ्रॅम उघडला, 10 एक्सचा आयपीस परत बसवला. तेलाचा ताजा थेंब टाकून फाइन फोकस अलगद फिरवला. चित्र लहान झालं, पण कडं दोऱ्यासारखं बारीक दिसू लागलं आणि त्या जाड ठिपक्याचे दोन झाले. हेडफोनसारखे.

एवढ्यावर रिपोर्ट देत नाहीत. आणखी फील्ड्स सरकवल्या. एकाच पेशीत दोन कडी, कुठे पेशीच्या काठाला चिकटलेलं कडं. व्हायव्हॅक्ससारख्या फुगलेल्या पेशी नाहीत, त्यात दिसणारे शुफनरचे बारीक ठिपके नाहीत. फाल्सिपॅरम. मलेरियाचा जीवघेणा प्रकार.

पेशंट आश्रमशाळेतली नऊ वर्षांची मुलगी होती. व्हायव्हॅक्स लिहिलं असतं तर क्लोरोक्विन या व्हायव्हॅक्सवरच्या गोळ्या घेऊन घरी गेली असती. मी स्लाइड ट्रेमध्ये ठेवली आणि एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांकडे धावले. सरांनी तिला लगेच भरती करून एसीटी, म्हणजे फाल्सिपॅरमवरची औषधं, सुरू केली.

परत आले तर पोरगा गप्प. सकाळपासून त्याने पाहिलेल्या 19 स्लाइड्स शेजारी रचलेल्या. पाच वाजून गेले होते. त्याने पहिली उचलली, मी तेलाची बाटली पुढे सरकवली.