ठेवणीतली बाटली

आमच्या घरात वस्तूंच्या दोन जाती आहेत. वापरायच्या आणि ठेवणीतल्या. निळ्या फुलांचे सहा कप ठेवणीतले. ते खास पाहुण्यांसाठी आहेत, पण पाहुणा दारात आला की आत्या म्हणते, 'हा कसला पाहुणा, घरचाच आहे,' आणि चहा स्टीलच्या पेल्यातून येतो. एक जपानी थर्मास आहे. माझ्या लग्नात आहेर आलेलं सफारीचं कापड आहे, ते अजून शिवायचं आहे. ज्यांचा दिवस उगवायचा आहे अशा वस्तूंनी इंदूरच्या रामबागेतलं आमचं निम्मं घर अडवलं आहे. एका डिसेंबरात त्यांच्या रांगेत बिअरची बाटली जाऊन बसली.

खरं तर दोन आल्या होत्या. भाचा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर दारू जकातीशिवाय आणता येते, त्या हिशेबाने त्याने पाऊण-पाऊण लिटरच्या दोन बाटल्या पायमोज्यांत गुंडाळून आणल्या. जाड काच, बुडाला खोल खळगा, शॅम्पेनसारखं बूच आणि त्याला तारेची शिंकाळी. लेबलावरचं नाव मात्र लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या पदव्यांसारखं लांबलचक. 'बॅरल-एज्ड ड्राय-हॉप्ड सावर वाइल्ड एल.' मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

'ह्यात बिअर कुठे लिहिलंय?'

'एल म्हणजे बिअरच, मामा.'

'आणि सावर?'

'आंबट.'

'आंबलेली होती म्हणून स्वस्तात दिली का?'

तो हसला नाही. किंमत ऐकल्यावर मीही हसलो नाही.

पहिली बाटली त्याच रात्री गच्चीवर उघडली. थंडी होती, म्हणून सोबत गराडू, म्हणजे तळलेला कंद. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून आणला तर रामबागेत येईपर्यंत मऊ पडतो, त्यामुळे बायकोने घरीच दोनदा तळला आणि वरून लिंबू आणि जीरावन, ही आमची भुरभुरायची इंदुरी मसाल्याची पूड. आत्याला 'सफरचंदाचा रस आणलाय' असं सांगून ठेवलं होतं. तिने विश्वास बसल्याचं दाखवलं.

भाचा म्हणाला, फार गार करायची नाही, वास मरतो. बूच शेजारच्या गच्चीत गेलं. रंग गढूळ पिवळा, पेल्यात ओततानाच आंब्याचा वास आला. पिकलेल्या नव्हे, पाडाला लागलेल्या आंब्याचा, देठापाशी चीक असतो तसा. त्यात संत्र्याच्या सालीचा, नख मारल्यावर उडतो तो. मी खूश होऊन मोठा घोट घेतला आणि दोन्ही गालफडं आतून एकमेकांना भेटायला आली. कानामागे झिणझिण्या. मग तुरटपणा, लाकडाचा. कडू जवळजवळ नाहीच. बायकोने अर्धा घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, 'साखर घालायची राहिलेलं पन्हं. पण कैरी चांगली आहे.'

नंतर भाच्याने मला लेबलाच्या उलट्या बाजूवरचे तज्ज्ञांचे शब्द वाचून दाखवले. त्यातल्या एकानेही पन्ह्याची बरोबरी केली नाही.

ही बिअर होते कशी, हे त्याने गराडू खातखात सांगितलं. नेहमीची बिअर म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू, पाणी, हॉपची फुलं आणि एकाच जातीचं पाळीव यीस्ट. चकचकीत टाकी, काही आठवडे, झालं. ह्या 'वाइल्ड' बिअरमध्ये पाळीव यीस्टच्या जोडीला उनाड मंडळी येतात. ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) नावाचं यीस्ट, आणि आपल्या दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस. आंबटपणा ह्या भाऊबंदांचा. साध्या बिअरचा पीएच चार ते साडेचार, हिचा साडेतीनच्याही खाली उतरतो. म्हणजे आमच्या घरातल्या आंबट ताकालाही हिने मागे टाकलं, आणि आमचं ताक कसं असतं ते आमचे पाहुणे जाणतात.

ह्या घराण्याचं मूळपीठ बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या आसपास. तिथे लँबिक नावाची बिअर करतात. उकळलेला रस उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर माळ्यावर निवत ठेवायचा. हवेतलं जे काही पडेल ते त्याचं विरजण. म्हणून ती फक्त थंडीच्या महिन्यांत लावतात, उन्हाळ्यात हवेतून नको ते पाहुणे येतात. मग लाकडी पिंपांत एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. काही जुन्या ठिकाणी कोळ्यांची जाळीसुद्धा काढत नाहीत, कारण पिंपांवर घोंघावणारी चिलटं कोळी खातात. हे मी बायकोला दोनदा ऐकवलं, कारण माझ्या पुस्तकांच्या कपाटावरची जळमटं हा आमच्यातला जुना विषय आहे. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुंचा फिरवला.

पिंपाचं काम मला चटकन कळलं. लाकूड किंचित श्वास घेतं. काचेच्या बाटलीत हवा जात नाही, उघड्या पातेल्यात फार जाते आणि व्हिनेगर होतं. पिंपात ती चोरपावलांनी, हवी तेवढीच येते. आमच्या आत्याची लोणच्याची बरणी दादरा बांधून का बसते, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी अमेरिकन बिअरने समजावलं.

पण खरी गंमत हॉपची. हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. ती उकळली की कडवट होतात, आणि तो कडूपणा दह्याच्या ह्या भाऊबंदांना मानवत नाही. बिअर टिकावी म्हणून तर ती घालायला लागले. म्हणजे आंबट बिअर हवी तर हॉपला सुरुवातीला दाराबाहेर उभं करायचं. लँबिकवाले म्हणे मुद्दाम जुनं, वास उडालेलं हॉप घालतात. मग पिंपात सगळं आंबून, मुरून, भांडून शांत झालं की शेवटी ताजं हॉप वरून टाकायचं, थंड बिअरमध्ये, नुसतं भिजत. उकळी नाही म्हणून कडूपणा नाही. सुगंध तेवढा उतरतो. हे ड्राय-हॉपिंग.

'म्हणजे जीरावन,' मी म्हणालो.

भाचा इंदूरचाच आहे, त्याला पुढे सांगावं लागलं नाही. पोह्यांच्या फोडणीत कोणी जीरावन घालत नाही. पोहे वाफेवर हवे तितके राहू देत, जीरावन ताटलीत पडतं, खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. आधी घातलं तर ते मसाला होतं, जीरावन राहत नाही.

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मुरायला दोन वर्षं घेणारी वस्तू आणि दोन-चार महिन्यांत उडून जाणारी वस्तू, दोघी एकाच बुचाखाली कोंबल्या होत्या. पिंप म्हणतं ठेव, हॉप म्हणतं आत्ताच. मी मराठी माणूस. मला 'ठेव' तेवढं ऐकू आलं.

दुसरी बाटली उघडायचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, राहू दे, माझी निवृत्ती येता सोडून पुढच्या जानेवारीत आहे, तेव्हा काढू. भाचा काहीतरी पुटपुटला. खालून आत्याचा आवाज आला, 'जुनी झाली की चांगली होते म्हणतात.' सफरचंदाच्या रसाबद्दलच बोलत असावी.

बाटली कोठीच्या खोलीत गेली, लोणच्यांशेजारी, थर्मासच्या मागे. मध्ये एक इंदुरी उन्हाळा गेला. माळव्याच्या रात्री गार असतात ही ख्याती अजून सांगितली जाते, मे महिन्यातल्या कोठीच्या खोलीला ती पोचलेली नाही. भाच्याचा निरोप आला होता म्हणे, 'मामा, ती लवकर संपवा.' सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि गुडघेदुखीवरच्या उपायांच्या गर्दीत तो माझ्या नजरेतून सुटला. मी ज्यांचे निरोप वाचतो ते मला काही कामाचं पाठवत नाहीत, आणि पाठवतात त्यांचे मी वाचत नाही.

31 जानेवारीला ऑफिसात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. निवृत्त माणसाला घड्याळ का देतात, हा वेगळा लेख आहे. रात्री बाटली काढली.

बूच ह्या वेळी उडालं नाही, उसासा टाकून बाहेर आलं. फेस बेताचा. मी पेला नाकाशी नेला आणि आंबा शोधू लागलो. नाही. संत्रं? सालीचा एक कपटा, तोही वाळलेला. आणि ह्या दोघांच्या जागी, मागच्या वेळी जो पडद्याआड उभा होता तो सरळ पुढे आला.

घोडा.

मी थट्टा करत नाही. ब्रेटच्या वासाला जाणकार 'घोड्याच्या पाठीवरची घोंगडी' म्हणतात, हे भाच्याने सांगितलं होतं आणि मी ते साहेबी कौतुक म्हणून सोडून दिलं होतं. पण तो अगदी राजवाड्यासमोरच्या टांग्याचा वास होता. घामेजलेलं चामडं, ओलं गवत, पायाखालचं तरटाचं बसकर, आणि वडील टांगेवाल्याशी चार आण्यांवरून घासाघीस करताहेत. मी पुढच्या बाजूला, घोड्याच्या शेपटीच्या पल्ल्यात. घोट घेतला तर आंबटपणा तोच, उलट धार जरा गोलसर झालेली. लाकूड, लिंबाची साल, आणि शेवटी परत तो घोडा, चालत निघून गेल्यासारखा.

ह्या ब्रेटची जन्मकथा नंतर वाचली. 1904 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन नावाच्या माणसाने मुरलेल्या इंग्रजी बिअरच्या चवीमागचं यीस्ट वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. हे नाव आपल्याकडे पन्नास वर्षं आधी कळलं असतं तर सभांमध्ये फार उपयोगी पडलं असतं. त्याआधी शे-दीडशे वर्षं इंग्रज हिंदुस्थानात बिअर पाठवत होतेच, लाकडी पिंपांतून, आणि पिंपात वरून कोरडं हॉप घालून, चारसहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून. 1818 मध्ये इथून तासाभरावर महूची छावणी वसली. तिथवर एखादं पिंप बैलगाडीतून आलं असेल, तर हॉपचा वास वाटेत विरलेला, पिंप मुरलेलं, आणि गोरा शिपाई पेला नाकाशी धरून आपल्या गावचा तबेला आठवतोय. माझ्याकडे पुरावा काही नाही. कोठीच्या खोलीत एक उन्हाळा काढलेल्या बाटलीचा अनुभव आहे.

तर वाईट वाटलं का? थोडं. आंबा गेला होता आणि तो मीच घालवला होता. बायकोने घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मागच्या वेळी चव होती. आता नुसतं मुरलंय.' निवृत्तीच्या दिवशी हे ऐकणं मला जरा लागलं, पण ती बिअरबद्दल बोलत होती असं धरून चाललो.

भाच्याला फोन केला. तिकडे सकाळ होती. 'तेरा महिने ठेवलीत?' त्याने दोनदा विचारलं. मग त्याने धीर दिला, खराब झाली नाही, ब्रेट बाटलीतही जिवंत असतं, शिरलेला प्राणवायू खाऊन टाकतं, साधी बिअर असती तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली असती. 'फक्त हॉप गेलं, मामा.' जणू हॉप भाजी आणायला गेलंय.

आत्या जिना चढून येणं शक्यच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती दारात उभी होती. तिने पेला हातात घेतला नाही, वाकून दुरूनच हुंगला. 'विटलं नाहीये,' ती म्हणाली. 'आंबलंय. टाकू नका.' मग तिची नजर बाटलीवर गेली. तिने ती उचलली, जाड काच नखाने वाजवली, बुडाच्या खळग्यात अंगठा घालून पाहिला आणि जिन्याकडे वळता वळता बायकोला म्हणाली, 'ही धुऊन मला दे. चांगली आहे. कामाला येईल.'

बाटली आता कोठीच्या खोलीत आहे, थर्मासच्या मागे. बूच फुगलं, ते परत बसत नाही. तोंडावर वाटी उपडी घातली आहे. ठेवणीतली, चांदीची.