नव्या संगणकावरची निळी स्क्रीन आणि दर वेळी बदलणारा कोड

नव्याने जोडलेला संगणक काम करता करता अचानक निळी स्क्रीन दाखवून पुन्हा सुरू होऊ लागला, की आपण स्क्रीनवरचा कोड टिपून घेतो, त्याचा अर्थ शोधतो आणि त्याखाली सुचवलेले उपाय एकामागून एक करू लागतो. मी अलीकडेच जोडलेल्या संगणकावर हा त्रास सुरू झाला, तेव्हा कोणत्याही एका कोडातून फारसे काही कळले नाही. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, नंतर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, मग ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आणि पुढे ‘सिस्टम सर्व्हिस एक्सेप्शन’ असे कोड येत गेले. ते सगळे एकत्र मांडून पाहिल्यावर मात्र बिघाड कुठे शोधायचा हे स्पष्ट झाले, आणि माझ्या मते नव्या संगणकाच्या बाबतीत कोडांचे हे बदलत राहणेच सर्वांत मोलाची खूण आहे.

याचे कारण निळी स्क्रीन नेमकी कधी येते यात आहे. विंडोजच्या कर्नलला, म्हणजे सर्व काही चालवणाऱ्या तिच्या गाभ्याला, अशी एखादी स्थिती आढळते, की तिच्यापुढे काम चालू ठेवल्यास माहिती खराब होण्याचा धोका असतो, तेव्हा तो स्वतःहून सर्व काही थांबवतो. म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो चूक लक्षात आल्याचा क्षण असतो, चूक घडल्याचा नव्हे. रॅममधला, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीतला, एखादा बिट (० किंवा १) उलटला, तर आज त्या जागी ग्राफिक्स ड्रायव्हरचा (ग्राफिक्सचे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) भाग असू शकतो आणि उद्या फाइल सिस्टिमचा, त्यामुळे दोष एकच असूनही प्रत्येक वेळी वेगळाच घटक अडखळतो आणि वेगळाच कोड दिसतो. याउलट तोच कोड आणि त्यासोबत त्याच ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर संशय प्रथम त्या ड्रायव्हरवर घ्यावा.

काही कोड स्वतःच बरेच सांगतात. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेली चूक हार्डवेअरनेच कळवलेली असते. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरलेल्या मुदतीत, मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही आणि त्याला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्नही फसला. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण लगेच पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ही नोंद केवळ मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच सांगते. मात्र तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य असेल, तर बहुतेक वेळा निळ्या स्क्रीनपर्यंत गोष्ट पोहोचलीच नव्हती असे समजावे; अशा वेळी वीजपुरवठा, सैल बसलेली पॉवर केबल किंवा संगणकाचे पूर्ण गोठणे यांचा विचार करावा.

पुरावा गोळा करण्यासाठी आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय आधी बंद करावी, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर शांतपणे वाचता येतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ही स्क्रीन आता काळी दिसते, पण मजकुराचे महत्त्व तेच आहे. विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ या फोल्डरात प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल साठते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत साधनात उघडता येते. तिथे दोषी म्हणून कर्नलच्याच फाइलचे नाव आले, तर त्यावरून विंडोजमध्ये बिघाड आहे असा निष्कर्ष काढू नये. बहुतेक वेळा तिथे केवळ चूक पकडली गेलेली असते.

आता रॅमकडे येतो, कारण नव्या संगणकात सर्वाधिक लक्ष द्यावे असे ठिकाण हेच आहे. डीडीआर५ रॅमच्या खोक्यावर ६००० असा वेग छापलेला असला, तरी अशी रॅम प्रथम ४८०० सारख्या प्रमाणित मूळ वेगाने सुरू होते, आणि छापील वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे जास्त वेगाचे तयार प्रोफाइल चालू करावे लागते. हे प्रोफाइल म्हणजे एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच असते, कारण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरने अधिकृतपणे स्वीकारलेला वेग त्याहून कमी असतो. एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेचेच उदाहरण घेतले, तर दोन मॉड्यूलसाठी (रॅमच्या पट्ट्यांसाठी) अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार मॉड्यूल बसवल्यावर तो ३६०० वर येतो. चार मॉड्यूल लावून ६००० ची अपेक्षा ठेवणारा संगणक अस्थिर झाला, तर त्यात कोणताही भाग सदोष असेलच असे नाही.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी आहे: प्रोफाइल बंद करून रॅम मूळ वेगावर आणावी आणि संगणक नेहमीसारखा वापरावा. डीडीआर५ असेल, तर असा बदल केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे कोरी राहू शकते. त्या वेळी रॅमचे ट्रेनिंग, म्हणजे मेमरी कंट्रोलरने रॅमशी जुळवून घेणे, चालू असते, म्हणून घाईने बटण दाबू नये. दोन मॉड्यूल असतील, तर ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच, म्हणजे चार स्लॉटच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बसवलेले आहेत ना, हेही याच वेळी पाहावे.

माझ्या संगणकावर मूळ वेगाला क्रॅश थांबले आणि प्रोफाइल चालू करताच ते परतले. त्यानंतर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन चालवले. ही चाचणी विंडोज सुरू न करताच होते, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही. चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात आणि एकही त्रुटी क्षम्य मानू नये. दोन्ही मॉड्यूल असताना त्रुटी दिसल्या, म्हणून एकेक मॉड्यूल एकाच स्लॉटमध्ये लावून तपासले. एक निर्दोष ठरले. दुसरे त्या स्लॉटमध्येही चुकले आणि स्लॉट बदलल्यावरही चुकले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चूक मॉड्यूलसोबत फिरली तर दोष मॉड्यूलचा असतो, आणि चूक स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड, सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचा असमान दाब यांकडे वळावे लागते. रॅमची पूर्ण जोडी बदलून घेतली. एकच मॉड्यूल वेगळे आणून जुन्यासोबत लावणे मी टाळतो, कारण विक्रीपूर्वी जोडी एकत्र तपासलेली असते.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बायोस अद्ययावत करणे, ड्रायव्हर बदलणे आणि प्रोफाइल बंद करणे ही तिन्ही कामे एकाच संध्याकाळी केली, तर क्रॅश थांबूनही कारण कळत नाही. विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो या टप्प्यावर मला अयोग्य वाटतो. चुकणाऱ्या रॅमवर केलेले इन्स्टॉलेशन स्वतःच खराब फाइली घेऊन जन्माला येऊ शकते. बायोस अद्ययावत करायचेच असेल, तर रॅम आधी मूळ वेगावर आणावी. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी मात्र नवे बायोस टाळू नये, कारण वाढीव व्होल्टेजमुळे येणारी अस्थिरता कंपनीने २०२४ मध्ये मान्य करून त्यावर बायोससोबत येणारा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारणा, दिला आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. आधीच झालेली झीज मात्र या मायक्रोकोडने भरून निघत नाही, त्यामुळे तो टाकूनही क्रॅश होत राहिले तर वॉरंटीचाच आधार घ्यावा.

दुरुस्ती झाली असे कधी मानायचे, हा प्रश्न बहुतेक जण घाईत सोडवतात. क्रॅश सरासरी दोन दिवसांनी एकदा होत असेल, तर एक दिवस सुरळीत गेल्याने काहीच सिद्ध होत नाही. क्रॅश अनियमितपणे येत असतील, तर सरासरी अंतराच्या तिप्पट काळ वाट पाहावी. दोष तसाच असूनही एवढा काळ निव्वळ योगायोगाने क्रॅशविना जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. हे गणित पटल्यापासून मी दोन बदलांमध्ये पुरेसे दिवस जाऊ देतो.

त्यानंतरही एक काम उरते. रॅम सदोष असताना कॉपी केलेल्या, झिप केलेल्या किंवा बॅकअपमध्ये गेलेल्या फाइलींमध्ये चुकीचे बिट लिहिले गेलेले असू शकतात आणि त्याची कोणतीही सूचना मिळत नाही. त्यामुळे नवी रॅम बसवल्यावर डीआयएसएम आणि एसएफसी या आज्ञांनी विंडोजच्या फाइली तपासून घेतल्या, त्या काळातले मोठे फोटोसंग्रह मूळ प्रतींशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) जुळवून पाहिले आणि जुना बॅकअप पुसण्याऐवजी नव्याच्या शेजारी ठेवला.