कपाच्या कानापाशी फाटणारं पांढरं ग्लेझ: १२ पैकी ११ पास

शनिवारी भट्टी उघडली. १२ पैकी ११ कपांवर साटन पांढरं ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा लेप) कानाच्या जोडापर्यंत अखंड बसलंय! मागच्या फेरीत याच जागी ९ कपांवर ते मागे सरकलं होतं: मधे उघडी माती आणि कडेला जाड, गोलसर मणी.

सूत्र तेच आहे (आकडे वजनाचे भाग): फेल्डस्पार ४५, क्वार्ट्झ १३, व्हाइटिंग १४, चायना क्ले १८, झिंक ऑक्साइड १०, वर पांढरेपणासाठी झिरकॉन ८. इलेक्ट्रिक भट्टी, कोन ६ (भट्टीतल्या उष्णतेची पातळी).

आधी खापर झिरकॉनवर फोडलं होतं. ते ५ वर आणलं, तर पांढरेपणा गेला आणि क्रॉलिंग (ग्लेझचं असं मागे सरकणं) जागच्या जागी राहिलं. खरा दोष भाजायच्या आधीच दिसतो. ग्लेझमधून काढलेला कप तासाभराने खिडकीपाशी तिरका धरून बघा. कान जिथे कपाला चिकटतो त्या बेचक्यात केसाएवढ्या भेगा असतात, आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा. भट्टीत त्याच रुंदावतात. कच्ची चायना क्ले आणि कच्चं झिंक, दोन्हींचे कण बारीक, त्यामुळे वाळताना दोन्ही फार आकसतात. बेचक्यात थर जाड बसतो, म्हणून तिथे ओढ सर्वात जास्त. त्यात झिरकॉनने वितळलेलं ग्लेझ घट्ट होतं आणि भेग पुन्हा सांधत नाही.

उपाय म्हणजे अर्धी क्ले भाजून घेणं. बिस्क केलेल्या (ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या) वाडग्यात कोरडी क्ले भरून नेहमीच्या बिस्कच्या फेरीत, १००० अंशांना ठेवायची. तिच्यातलं रासायनिक पाणी निघून जातं आणि वजन सुमारे १४ टक्के घटतं, म्हणून ९ च्या जागी ७.७ च घ्यायची. उरलेली ९ कच्चीच ठेवा. सगळी १८ भाजलेली वापरून पाहिली, तर रात्रीतून बादलीच्या तळाशी दगड झाला. कच्ची क्लेच बाकीच्यांना तरंगत ठेवते. झिंकही त्याच फेरीत भाजलं. मग सगळं ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळलं आणि १०० मिलीचं वजन १४५ ग्रॅम येईपर्यंत पाणी घातलं. कप ३ सेकंद बुडवायचा. तरीही बेचक्यात बारीक भेग दिसलीच, तर ग्लेझ पूर्ण वाळल्यावर बोटाने हलकेच चोळून बुजवायची. (मास्क लावूनच.)

०.१ ग्रॅमचा काटा घ्याच. १ ग्रॅमच्या काट्यावर १०० ग्रॅमच्या चाचणीला अर्थ राहत नाही. आणि क्लेची नवी गोणी आली की आधी चाचणी करा. यावेळची गोणी जुनीपेक्षा बारीक दळलेली निघाली, विक्रेत्याने काही सांगितलं नव्हतं.

नापास झालेल्या बाराव्या कपाचा डाग कानापाशी नाही, पोटावर आहे. हा कप चित्रकलेच्या वर्गात फळ्याखालच्या फडताळात आठवडाभर होता. बिस्कवर खडूची धूळ बसली की ग्लेझ मातीला धरतच नाही. हाताच्या तेलानेही तेच होतं. आता प्रत्येक कप ओल्या स्पंजने पुसून एक दिवस वाळवायचा, मगच ग्लेझ.

पुढे फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घालून हेच सूत्र करायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच सुचलं की आकसण्यानेच फाटतं, तर कुंड्यांच्या बाहेरून मुद्दाम फाडावं. काळ्या स्लिपवर (पातळ मातीच्या लेपावर) हेच पांढरं, त्यात हलकं मॅग्नेशियम कार्बोनेट १०, १५, २० आणि २५ भाग, प्रत्येकी एका चाचणी-टाइलवर. मणी गळून शेल्फला चिकटतील, म्हणून प्रत्येक टाइलखाली बिस्कची थाळी ठेवायची. फ्रिट थांबेल; या चार टाइलांना आजच स्लिप लावतो.