ऑल्सेनची टोळी: आधी कोणता सिनेमा बघायचा?

डॅनिश येत नाही, तर 'ऑल्सेन-बांडेन' (म्हणजे ऑल्सेनची टोळी) या चोरांच्या टोळीवरच्या डॅनिश विनोदी मालिकेतला कोणता सिनेमा आधी बघायचा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: 1976 चा 'ऑल्सेन-बांडेन सेर रोत'. 1968 ते 1981 मध्ये तेरा आणि 1998 मध्ये शेवटचा, असे एकूण चौदा सिनेमे आहेत. क्रमाने बघायची गरज नाही, कारण बहुतेक वेळा सुरुवात तीच: टोळीचा म्होरक्या एगॉन तुरुंगातून सुटतो आणि त्याच्याकडे एक योजना असते.

1976 च्या सिनेमात कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमधला प्रसंग आहे. वर 'एल्व्हरहॉय' (1828) नाटकाचं, संगीतकार कुलाऊने रचलेलं सुरुवातीचं संगीत वाजतंय, खाली टोळी एकामागून एक भिंती फोडतेय. एगॉनच्या हातात स्वरलिपीची वही. संगीत हळू झालं की हात थांबतात, जोरात उसळलं की घाव पडतो. ठोका चुकला तर आवाज वर ऐकू जाईल! संवाद जवळपास नाहीतच, म्हणून भाषा आडवी येत नाही. मात्र हेडफोन लावूनच बघा, फोनच्या स्पीकरवर अर्धी मजा जाते.

दिग्दर्शक एरिक बालिंग आणि सहलेखक हेनिंग बास यांची खरी करामत इथेच दिसते. एगॉनची योजना चालते ती मोठ्या संस्थांच्या शिस्तीवर: ठरलेली वेळ, ठरलेला गणवेश, ठरलेला क्रम. 1975 च्या 'पो स्पोरेत'मध्ये तर रेल्वेचं वेळापत्रकच हत्यार होतं. ऑफिसं घड्याळासारखी वागतात, घरची माणसं वागत नाहीत. टोळीतला केल घाबरतो, त्याची बायको इव्हॉन मध्येच बोलते, आणि सगळं फिसकटतं. त्यामुळे केलच्या घरातले प्रसंग पुढे ढकलू नका. पुढे काय बिघडणार याची बीजं तिथेच पडलेली असतात.

सबटायटल्समध्ये एक गोष्ट हमखास हरवते. टोळीतला तिसरा, बेनी, खूश होऊन 'स्किडेगोत' म्हणतो. शब्द शिवराळ आहे, पण कौतुकाचा. भाषांतरात नुसतं 'छान' येतं. मनात 'लई भारी' म्हणा.

शोधताना फसगत होते ती नॉर्वेच्या आवृत्तीमुळे. तिथे 1969 पासून याच कथा नव्याने चित्रित झाल्या. डॅनिश नावात ऑल्सेन आणि बांडेनच्या मध्ये जोडरेघ असते, नॉर्वेजियनमध्ये नसते. तरीही शंका असेल तर केलच्या बायकोचं नाव बघा. इव्हॉन असेल तर डॅनिश, वाल्बोर्ग असेल तर नॉर्वेजियन.