स्पितीला स्वतःची गाडी नेली, त्याची पुण्यात केलेली तयारी

हिमाचलमधल्या स्पितीला गाडी घेऊन जातोय म्हटलं की सगळे पहिलं विचारतात, फोर बाय फोर आहे का? आमची साधी छोटी एसयूव्ही आणि ती पुरली. कुठल्या बाजूने शिरायचं आणि कुठला टप्पा किती वाजता गाठायचा, माझ्या मते तयारी खरी याचीच करावी लागते.

पुणे साधारण ५६० मीटरवर आणि स्पितीतून मनालीकडे उतरताना लागणारी कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. आम्ही रविवारी सिंहगड चढायला लागलो, त्याने दम वाढतो पण विरळ हवेची सवय होत नाही, ती तिकडे हळूहळू वर गेल्यावरच होते. म्हणून मनालीऐवजी शिमल्याकडून जायचं ठरवलं, कल्पा, नाको, ताबो करत मग काझा. किन्नौरमधला हा रस्ता बराचसा जुन्या हिंदुस्तान-तिबेट मार्गाच्या वाटेने जातो, तो १८५० साली खेचरांसाठी काढायला घेतला होता, आणि ताबोला ९९६ सालचा मातीचा मठ अजून उभा आहे, तिथे मुक्काम कराच, शरीराला पण आराम मिळतो. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गाडीचं काम नाना पेठेत आणि नेहमीच्या गॅरेजात. काका म्हणाले, "ताई, क्लच प्लेट आत्ताच टाकून घ्या, तिकडे वाटेत कोण देणारे?" टाकली. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि नवऱ्याने दोघांनीही जॅक लावून चाक बदलून बघितलं, आणि बरं झालं बघितलं, कारण गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने माझ्याच्याने नट हलेचना, लांब दांड्याचा पाना घेतल्यावर पटकन सुटला. पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप, टो करायचा पट्टा, ऑफलाइन मॅप, एवढं बास.

गणपती झाल्यावर निघालो, तोवर तिकडचा पाऊस ओसरतो आणि नाल्यांना पाणी पण कमी असतं. काझ्यात टाकी फुल्ल केली, मनाली तिथून २०० किलोमीटरच्या आसपास पण सतत पहिला-दुसरा गिअर, पेट्रोल भराभर संपतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुंझुम उतरल्यावर मनालीच्या वाटेवरचा बातल ते ग्रांफू हा टप्पा. तिथे नुसते दगडधोंडे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले. दुपारी उन्हाने बर्फ वितळलं की तेच नाले फुगतात, त्यामुळे मुक्काम काझ्यात न करता कुंझुमच्या अलीकडे लोसरला केला आणि उजाडताच निघालो. टायरची हवा थोडी कमी केलेली. प्रत्येक नाल्याशी उतरून आधी पुढची गाडी कुठून जाते ते बघायचं, मग पहिला गिअर टाकून एकाच लयीत काढायची, मध्ये क्लच दाबायचा नाही आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. दुपारच्या आत ग्रांफू गाठलं, तिथेच चारही टायरमध्ये हवा परत भरून घेतली आणि मनालीकडे निघालो.